थोरियम निघालं म्हणून थांबलो

वाळवंटात युरेनियम शोधताना सकाळच्या पहिल्या रीडिंगवर मी विश्वास ठेवत नाही. रात्री जमिनीतून बाहेर पडलेला रेडॉन वायू थंड, निवांत हवेत खोलगट जागी साचून राहतो आणि किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राला आहे त्याहून जास्त युरेनियम दिसतं. शिवाय घळीत उभं राहिलं की खडक तीन बाजूंनी जवळ येतो, त्यामुळे काउंट, म्हणजे यंत्राने मोजलेले किरण, आपोआप चढतात. त्या दिवशी घळीच्या तोंडाशीच काउंट उडाले. सोबतची तरुण सहकारी "सर, सापडलं!" म्हणून ओरडली. मी म्हटलं, "थांब, ऊन वर येऊ दे, मग पुन्हा घे."

ऊन चढलं, पण आकडा उतरला नाही. घळ सोडून माथ्यावरच्या मोकळ्या सपाटीवर आलो, तिथेही तेच. भोवतालच्या ग्रॅनाइटच्या कितीतरी पट किरणोत्सार होता, आणि तोही एका अरुंद, सरळ पट्ट्यावर. म्हणजे डाइक: ग्रॅनाइटच्या भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत.

मग स्पेक्ट्रोमीटरवर ऊर्जेनुसार फोड पाहिली. फील्डवर फिरवायच्या या यंत्राला युरेनियम थेट दिसत नाही. त्याच्या विघटनसाखळीत पुढे तयार होणाऱ्या बिस्मथ-२१४ चे १.७६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण मोजून युरेनियमचा अंदाज बांधतात. थोरियमसाठी थॅलियम-२०८ चे २.६१. फोड केल्यावर आमचे जवळजवळ सगळे जास्तीचे काउंट थोरियमच्या खात्यात गेले. थोरियम! टीममधले सगळेच हिरमुसले, कारण आम्ही आलो होतो युरेनियमसाठी. सॅटेलाइट फोनवर वरिष्ठांचं म्हणणं सरळ होतं: थोरियमला गिऱ्हाईक नाही, पुढच्या ब्लॉककडे निघा.

मी दुपारपर्यंतचा वेळ मागून घेतला. मनात होतं माउंटन पास. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात १९४९ साली काही जण गायगर काउंटर घेऊन युरेनियम शोधत होते. काउंटर वाजलाही, पण तो वाजवणारं मुख्यतः थोरियम निघालं आणि ज्या खडकात ते होतं, तो बॅस्टनेसाइट या रेअर अर्थ (दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या) खनिजाने भरलेला होता. पुढे कित्येक वर्षं जगाला रेअर अर्थ पुरवणारी मोठी खाण तिथे उभी राहिली. मोनाझाइटसारख्या खनिजांच्या स्फटिकात सिरियम, लँथॅनम या रेअर अर्थच्या जागी थोरियम सहज बसतं. शिवाय पृष्ठभागावर युरेनियम पाण्याबरोबर विरघळून निघून जातं, थोरियम सहसा हलत नाही. म्हणून रेअर अर्थ शोधताना थोरियमइतका प्रामाणिक वाटाड्या नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाळवंटातले खडक वरून सगळे सारखेच काळपट दिसतात. लोह-मँगनीजच्या ऑक्साइडची पातळ पुटं त्यांच्यावर चढलेली असतात. हातोड्याने डाइकचा कोपरा उडवला आणि ताज्या तुकड्यावर भिंग धरलं. क्वार्ट्झ धुरकट, फ्लोराइट इतकं गडद जांभळं की काळंच वाटावं, आणि मधून मधून राळेसारखे चकाकणारे तपकिरी कण. प्रत्येक कणाभोवती चारी दिशांना फुटलेल्या बारीक भेगा. किरणोत्साराने त्या खनिजाची स्फटिकरचना कोट्यवधी वर्षं आतून मोडत गेलेली असते. खनिज फुगतं आणि शेजारच्या कणांना तडकवतं. मी भिंग तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या हातातल्या एक्सआरएफवर झिर्कोनियम, नायोबियम आणि यिट्रियम एकदम वर आले. यिट्रियम पाहून मी खरा सुखावलो. निसर्गात ते डिस्प्रोशियम, टर्बियम या जड रेअर अर्थच्या सोबतीने फिरतं, आणि तापल्यावरही चुंबकत्व टिकवणारी मॅग्नेटं बनवायला तीच मूलद्रव्यं लागतात.

डाइकचा माग काढत चाललो, तर एका वाळूच्या पट्ट्यापाशी काउंट एकदम बसले. "संपली, सर." पण गॅमा किरण थोपवायला जेमतेम दीड-दोन फूट वाळू पुरते. फावडं घेतलं. खड्डा खोल होत गेला तसा यंत्रावरचा आकडा पुन्हा चढू लागला आणि तळाला तोच खडक लागला. मग वाळूच्या पलीकडेही डाइक सापडली.

प्रयोगशाळेच्या अहवालात जड रेअर अर्थचा वाटा चांगला आला. अडचण वेगळीच आहे. कण फार बारीक आहेत आणि बराचसा माल झिर्कोनियमच्या अशा खनिजांत अडकलाय, ज्यांतून तो सोडवणं महाग पडतं. माउंटन पासचं बॅस्टनेसाइट या बाबतीत खूप सोयीचं. आमच्या खडकातून वेगळं होणारं थोरियम सुरक्षित कुठे ठेवायचं, हा प्रश्न मी पहिल्या दिवसापासून लावून धरलाय. खाणीचा हिशेब त्याच्याशिवाय मांडूच नये.

सध्या डाइकला आडवे खंदक खणून सलग सॅम्पल घेणं चाललंय. पहिला बोअरहोल कुठे आणि किती कलता मारायचा, यावर आमचा वाद मिटलेला नाही. मी वाळूखालच्या भागासाठी अडून बसलोय आणि ती तरुण सहकारी घळीच्या बाजूने तितक्याच हिरिरीने भांडतेय.