कच्चे विचार उघड्यावर मांडताना

आम्हा गणिताच्या प्राध्यापकांना ब्लॉग लिहायला वेळ मिळत नाही असे आम्ही सांगतो. मला मात्र खरे कारण भीती हेच वाटते. शोधनिबंध तज्ज्ञांनी तपासल्यावरच छापला जातो आणि बढतीच्या वेळी तोच मोजला जातो. ब्लॉगवरची चूक मात्र लिहिणाऱ्याच्या नावासह लगेच सर्वांसमोर येते, शिवाय आपली अपुरी कल्पना दुसराच कोणी तडीस नेईल, ही धास्ती असतेच.

म्हणूनच २००९ साली केंब्रिजच्या टिमोथी गॉवर्स यांनी जे केले, त्याचे मला फार मोल वाटते. गणितातला सर्वोच्च मानांपैकी एक असलेले फील्ड्स पदक मिळवलेल्या या गणितज्ञाने हेल्स-ज्युएट या संयोजनशास्त्रातल्या (मांडण्या आणि निवडी अभ्यासणाऱ्या शाखेतल्या) प्रमेयाच्या घनतेविषयीच्या रूपाची नवी सिद्धता आपल्या ब्लॉगवर, सर्वांसमक्ष शोधायला घेतली आणि फसलेले विचारही तिथेच लिहावेत असे सुचवले. नामवंत गणितज्ञ टेरेन्स ताओ यांच्यासह अनेक जण त्यात उतरले (त्यांत एक शाळाशिक्षकही होते, हे मला विशेष वाटते) आणि दोन महिन्यांच्या आतच वाट सापडली. निबंध छापला गेला तो ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’ या सामायिक नावाने.

माझ्या वहीत दोन वर्षांपासून अडलेला एक युक्तिवाद आहे. तो या आठवड्यात, जसा आहे तसा, इथे लिहिणार आहे.