आत देव कुठला आहे?

नांदेडला घर असलं की पाहुण्यांना तोटा नसतो. सकाळचा चहा झाला की सचखंडला, म्हणजे शिखांच्या इथल्या मोठ्या गुरुद्वाऱ्यात, जायचं ठरलेलंच. चपला जमा करायच्या, पाय धुवायचे, डोक्यावर पदर नाहीतर रुमाल घ्यायचा आणि आत शिरायचं. बाहेर आल्यावर दहातले आठ जण हळूच विचारतात, "आत देव कुठला आहे हो?" परवा विहीणबाईंनीही विचारलं. "देव नाही, गुरू आहेत," एवढंच मी गर्दीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण वळून पुन्हा आत बघत राहिल्या. विहीणबाई, तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर सांगते.

सुरुवात गुरू नानकांपासून. जन्म 1469 चा, तलवंडीचा. ते गाव आता पाकिस्तानात आहे, ननकाना साहिब. देव एक आहे, तो काळाच्या पलीकडचा आहे आणि तो जन्म घेत नाही, हे शिखांच्या ग्रंथाच्या अगदी पहिल्या ओळींतच येतं. जन्मच नाही म्हटल्यावर अवतार नाहीत, आणि मूर्ती घडवायची कोणाची? माणसाला करायला तीनच गोष्टी सांगितल्या: नाम जपो, किरत करो, वंड छको. नाव घ्या, कष्टाचं कमवा, वाटून खा. नानक स्वतः उतारवयात करतारपूरला शेती करत राहिले. मला इथे सावता माळी आठवतात, पण असो.

नानकांनंतर नऊ गुरू झाले. सगळ्यांची नावं सांगत बसत नाही. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी 1604 मध्ये ग्रंथ सिद्ध केला आणि दोनच वर्षांनी लाहोरला त्यांचा छळ होऊन प्राण गेला. शीख म्हटलं की आपल्याला आधी तलवार आठवते, पण ती कमरेला लावली सहाव्या गुरूंनी, वडिलांच्या त्या बलिदानानंतर. नववे तेगबहादूर यांचा 1675 मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात शिरच्छेद झाला.

दहावे गुरू गोविंदसिंग म्हणजे आमच्या नांदेडचे. जन्म पाटण्याचा, पण शेवट इथला, म्हणून आमचे. 1699 च्या बैसाखीला आनंदपूरला त्यांनी खालसा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांचा पंथ, उभा केला. भर सभेत त्यांनी शीर मागितलं आणि एकेक करून पाच जण उठले, असं सांगतात. त्यातले एक साहिबचंद, बीदरचे न्हावी. बीदर म्हणजे आपल्या शेजारचंच की! या पाचांच्या नावांपुढे मग जातीचं काही उरलं नाही, सगळे 'सिंग' झाले. केस, कंगवा, कडं, कच्छा आणि कृपाण ही खालशाची पाच चिन्हं.

1708 मध्ये गुरू बादशहा बहादूरशहाच्या लवाजम्याबरोबर दक्षिणेत आले आणि गोदावरीकाठी मुक्काम पडला. इथेच माधोदास नावाचा बैरागी त्यांना भेटला, तोच पुढे शिखांचा सेनानी बंदासिंग बहादूर. इथेच एका पठाणाने त्यांच्यावर वार केला आणि ऑक्टोबरात त्यांनी देह ठेवला. चारही मुलं आधीच गेली होती. गादी कोणाची, हा प्रश्न होताच. ते म्हणाले, यापुढे माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू. गुरू माणसातून पोथीत आला तो आमच्या गावात, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

म्हणून आत जे पाहिलंत ती नुसती पोथी म्हणून कोणी बघत नाही. आमच्या घराजवळ एक छोटा गुरुद्वारा आहे, तिथे रात्री कधी थांबून बघा. वाचन संपलं की म्हातारे भाईजी ग्रंथ मिटतात, त्यावर रुमाल पांघरतात, एकेक घडी हाताने सारखी करतात. मग ग्रंथ डोक्यावर घेऊन सावकाश शेजारच्या खोलीकडे निघतात. मागून एक जण चवरी ढाळत असतो. वाटेतली माणसं भिंतीला टेकून उभी. घरातल्या थकल्याभागल्या वडीलधाऱ्याला निजायला न्यावं तसं. पहाटे ग्रंथ पुन्हा उघडतात, आणि जे पान निघेल तिथलं पद हा त्या दिवसाचा हुकूम. ग्रंथाची पानं 1430, पण त्यांना पान म्हणत नाहीत, 'अंग' म्हणतात.

आणि त्या अंगांमध्ये आपले नामदेव आहेत! त्यांची 61 पदं आहेत. त्यातल्या एकात ते म्हणतात, 'ईभै बीठलु ऊभै बीठलु', इकडे विठ्ठल, तिकडे विठ्ठल. देवळातून हुसकावल्यावर नामदेव मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही औंढा नागनाथची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. देऊळ फिरल्याचं त्यांचं पदही त्या ग्रंथात आहे. हिंगोलीकडच्या नरसीचा शिंपी पंजाबात घुमानपर्यंत पोचला, आणि 2015 मध्ये आपलं साहित्य संमेलनही त्याच्या मागोमाग तिथे जाऊन आलं.

आता एक कबुली. तुम्ही मान उंच करून बघत होतात, तिथे आत चमकणारं काहीतरी होतंच. ती गुरूंची शस्त्रं. गुरूंच्या चितेच्या जागी ती खोली आहे, तिला अंगीठा साहिब म्हणतात. आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी 1830 च्या दशकात बांधवली. इथल्या काही रीती पंजाबपेक्षा वेगळ्या आहेत, त्यामुळे तिकडून आलेले यात्रेकरूसुद्धा क्वचित बुचकळ्यात पडतात. तेव्हा तुमचा गोंधळ झाला यात नवल नाही.

लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या सगळ्यांसाठीच्या मोफत जेवणात, काय झालं ते आठवतंय ना? 'पंगत' हा शब्द त्यांचाही तोच, आणि तिथे सगळे एका रांगेत जमिनीवर. वाढपी "परशादा, परशादा" करत आला, तुम्ही ताट पुढे केलंत आणि तो पोळी हातात धरून थांबून राहिला. मी कोपर मारलं तेव्हा तुम्ही ओंजळ पुढे केली आणि पोळी तीत पडली. जेवण झाल्यावर "दक्षिणा कुठे ठेवायची?" म्हणालात. दानपेटी आहे, तीही दाखवली. पण तोवर तुमची नजर भांड्यांच्या हौदाकडे गेली होती. पदर खोचून तुम्ही जी ताटं घासायला लागलात, शेजारची पंजाबी बाई पंजाबीत बोलतेय, तुम्ही मराठीत. मी चपलांचा बिल्ला हातात घेऊन अर्धा तास तिथेच उभी!