आमची वाटचाल : टेबलं आणि खिडकी

आमच्या खाण्याच्या जागेला दोन तोंडं आहेत. समोरच्या बाजूने लोक आत येतात, टेबलावर बसतात, जेवून जातात. बाजूच्या भिंतीत एक खिडकी आहे, तिथून लोक अर्धं झालेलं काम घरी नेतात: परतून तपकिरी केलेला कांदा, शिजवलेलं कडधान्य, भाज्यांचा किंवा हाडांचा स्टॉक (म्हणजे ती पाण्यात उकळून काढलेला रस), भाजलेला भोपळा. उन्हाळ्यात टेबलं खिडकीला पोसतात आणि शरद लागला की खिडकी टेबलांना पोसते. हा हिशेब एका दिवसात जमला नाही. वाटचाल म्हणून सांगण्यासारखं आमच्याकडे जे आहे, ते बहुतेक सगळं या हिशेबातच आहे.

सुरुवात फक्त टेबलांनी झाली. मी स्वयंपाकघर बघते, माझा भागीदार गल्ला आणि खरेदी. जागा लहान आणि भांडवल त्याहून लहान, त्यामुळे थाटमाट करायचा प्रश्नच नव्हता. वाटेवरून जाता जाता आत डोकवावं, फळ्यावर काय लिहिलंय ते वाचावं, खावं आणि निघावं, असं ठिकाण काढायचं होतं. तसं ते झालंही. पहिला उन्हाळा लोकांनी बाहेर मांडलेल्या टेबलांवर काढला, आणि आम्हाला वाटलं की धंदा असाच असतो.

मग दिवस आखूड व्हायला लागले. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला आणि दक्षिणेत २०-२१ मार्चला, दिवस सर्वात झपाट्याने घटत असतो. हे पुस्तकात वाचायची गरज नाही, गल्ल्यावर बसलं की कळतं. बाहेरच्या टेबलांवरचे लोक आपोआप आत सरकतात. बर्फ घातलेलं काही कोणी मागत नाही. शुक्रवार-शनिवार ठीक जातो, पण आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी खुर्च्या मोकळ्या राहतात.

या धंद्यातले जुने लोक अशा वेळी एकच औषध सांगतात: सवलत लावा, एकावर एक द्या. भागीदाराने कागदावर आकडेमोड करून पाहिली आणि कागद बाजूला ठेवला. त्याऐवजी जे येत होते त्यांनाच तो विचारत सुटला की मधल्या वारी तुम्ही जेवता कुठे. उत्तर बहुतेकांचं एकच होतं. घरीच. उन्हाळ्यात शेगडीपाशी उभं राहवत नाही, आता तिथेच बरं वाटतं. एक मोठं पातेलं गरम काहीतरी करायचं आणि दोन वेळा खायचं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य यायचं: पण वेळ फार जातो हो.

खिडकी या दुसऱ्या वाक्यातून निघाली.

पहिला पदार्थ कांदा. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं. ते पाणी निघून जाईपर्यंत पातेल्यातलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर चढत नाही, आणि ज्या क्रियेमुळे कांद्याला रंग आणि खमंगपणा येतो ती जोमाने चालायला साधारण १४० अंश लागतात. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ मध्ये ती नोंदवली, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. त्याने शर्करा आणि अमिनो आम्लं एकत्र तापवून पाहिली होती. स्वयंपाक हा त्याचा विषय नव्हता, पण जगातल्या प्रत्येक स्वयंपाकघरावर त्याचे उपकार आहेत. सांगायचं इतकंच की ‘कांदा दहा मिनिटं परतून तपकिरी करा’ असं लिहिणाऱ्या माणसाने कांदा कधी परतलेला नसतो. मंद आचेवर तासभर तरी जातो, आणि पातेलंभर कांद्याचा शेवटी वाडगाभर गोळा होतो. कामावरून परतलेल्या माणसाला मंगळवारी संध्याकाळी हे जमणार नाही. आमच्याकडे मात्र दुपारी शेगडी रिकामीच असते. मोठ्या बुडाच्या पातेल्यात आम्ही कांदा चढवतो आणि मधे मधे ढवळत दुसरी कामं उरकतो.

कडधान्याचंही तेच, पण तिथे वेळेच्या बरोबर काळजीही आली. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी जोरदार उलट्या होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की राजमा निदान १२ तास भिजवावा आणि मग किमान १० मिनिटं खळखळून उकळावा. पंचाईत होते ती मंद आचेच्या विजेच्या भांड्यांनी. सकाळी त्यात भिजलेला राजमा टाकून कामाला जायचं आणि संध्याकाळी जेवायचं, हे थंडीच्या तोंडावर फार मोहाचं वाटतं. पण यातली काही भांडी उकळीपर्यंत पोचतच नाहीत. दाणा मऊ होतो, विष मात्र तसंच राहतं. कोणी असं भांडं वापरणार म्हणालं की आम्ही आधी हे सांगतो आणि मग राजमा विकतो. खिडकीतला राजमा उकळून शिजवलेलाच असल्याने तो त्या भांड्यात बिनधास्त घालता येतो. आम्ही स्वतः प्रेशर कुकर वापरतो. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडलेल्या वाफेच्या भांड्याचा तो वंशज. दाबामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं, म्हणून लेक्टिनही जातं आणि गॅसही वाचतो.

सर्वात जास्त मेहनत मात्र शिजवण्यात नाही, गार करण्यात आहे. ग्राहकाला हे कधी दिसत नाही. स्टॉकचं मोठं पातेलं झाकून रात्रभर ओट्यावर ठेवलं, तर मधोमध तो तासन्‌तास कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंशांमधला हा पट्टा जिवाणूंना फार मानवतो. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, हा साधा नियम. म्हणून आमच्याकडे स्टॉक उथळ, रुंद ट्रेमध्ये ओततात, ट्रे बर्फाच्या पाण्यात बसवतात, मग तो फ्रीजमध्ये जातो. भागीदाराने दुकानाच्या पाटीच्या आधी अन्नात खुपसायचा थर्मामीटर विकत आणला होता. तेव्हा मी हसले होते. पण १९६० च्या दशकात नासाच्या अंतराळवीरांसाठी अन्न बनवताना पिल्सबरी कंपनीने सुरक्षेची जी पद्धत बसवली, तिचंही सूत्र हेच होतं: तयार माल तपासत बसण्यापेक्षा गडबड जिथे होऊ शकते त्या पायरीवरच माप घ्यायचं. भांडी घासायला म्हणून आमच्याकडे आलेला मुलगा आता हे तापमानाचं रजिस्टर सांभाळतो, आणि आकडा बसला नाही तर ट्रे पुढे सरकू देत नाही. मलाही नाही.

भोपळ्याबद्दल थोडं जास्त बोलणार आहे, कारण शरदातला निम्मा गल्ला त्याचा. माणसाने पिकवायला घेतलेल्या सर्वात जुन्या पिकांपैकी हे एक. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या गिला नाकित्स गुहेत सापडलेल्या त्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. इतकी जुनी ओळख असूनही लोक अख्खा भोपळा घरी नेतात आणि ओट्यावर शोभेला ठेवतात. त्याचं कारण चवीत नाही, सुरीत आहे: साल टणक, आकार गोल, सुरी घसरते. अख्खा भोपळा विकण्यात म्हणून अर्थ नव्हता. आम्ही तो उभा चिरतो, बिया काढतो आणि कापलेली बाजू खाली ठेवून ओव्हनमध्ये भाजतो. उकडला तर तो पाणी धरून बसतो. भाजला तर पाणी उडतं, गोडी दाटते आणि कडा खमंग होतात. घरी त्याचं सूप करा, भाजी करा, नाहीतर पिठात मळा. पुढचं तुमचं.

खरेदीत भागीदार देठ बघतो. देठ तुटलेला भोपळा स्वस्तात मिळाला तरी घेत नाही, कारण तिथूनच सड आत शिरते. देठासकट, साल न खरचटलेला भोपळा कोरड्या जागी १० ते १३ अंशांवर काही महिने टिकतो. फ्रीजमध्ये ठेवला तर उलट लवकर बिघडतो. बटाट्यालाही फ्रीज नको. फार गारठ्यात त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तळताना तो करपट रंगाचा होतो आणि ॲक्रिलामाइडही जास्त बनतं. तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत हे रसायन तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये जाहीर केलं, तेव्हापासून जगभरची तळण करणारी मंडळी बटाटा कुठे ठेवला होता ते विचारायला लागली. सफरचंदांची गोष्ट वेगळी. ती गारच ठेवायची, आणि बाकीच्या भाज्यांपासून लांब, कारण त्यांच्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या मालाला लवकर पिकवतो. पालेभाजी तर बघता बघता पिवळी पडते. आमची मागची खोली लहान असल्याने शरदात तिथे कोणी कोणाशेजारी बसायचं, यावरून रोज थोडी वादावादी होतेच.

काय विकायचं नाही, हेही ठरवावं लागलं. पूर्ण तयार जेवण खिडकीतून देत नाही. मोजून बांधलेल्या मसाल्याच्या पुड्या आणि छापील कृती असलेली पाकिटं ठेवा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. माझं मन होत नाही. जो माणूस संध्याकाळी घरी पातेलं चढवतो त्याला हुकूम नको असतो. त्याला कंटाळवाणा तास वाचवून हवा असतो आणि शेवटची फोडणी, शेवटचं मीठ स्वतःच्या हाताने घालायचं असतं. काही जण म्हणतात, कांदाही तयार मिळायला लागला तर तो स्वयंपाक कसला? मी त्यांना कोपऱ्यातला कच्चा कांदा दाखवते. तोही विकायलाच आहे.

आता टेबलांकडे येते, कारण खिडकीमुळे सर्वात जास्त बदललं ते तिथेच. सोमवार ते गुरुवार घरी स्वयंपाक करणारा माणूस शुक्रवारी बाहेर जेवायला येतो, तेव्हा तो वेगळं मागतो. घरात जे होतं तेच बाहेर खायला त्याला नको असतं. मशरूमचंच घ्या. त्यातही नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. घरच्या बेताच्या आचेवर तवाभर मशरूम टाकले की ते सुटलेल्या पाण्यात शिजत बसतात. आमच्या मोठ्या आचेवर, जाड लोखंडी तव्यावर, थोडे थोडे टाकले की कडा कुरकुरीत होतात. तळणाचंही तसंच: घरी तळायचं म्हणजे उरलेल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न, आणि खिडक्या बंद ठेवायच्या दिवसांत वास दोन दिवस घरात. अशा गोष्टींसाठी लोक आनंदाने बाहेर पडतात. हे लक्षात आल्यावर फळा आपोआप आखूड झाला. घरच्या घड्याळात जे बसत नाही ते खिडकीत, घरच्या शेगडीला जे झेपत नाही ते टेबलावर. दोन्हींत न बसणारे पदार्थ, त्यातले काही माझ्या फार आवडीचे, पुसून टाकले.

आणखी काही गोष्टी किरकोळ वाटतील, पण माणसं त्याच लक्षात ठेवतात. शरदात लोक लवकर जेवायला येतात, म्हणून स्वयंपाकघर आता आधी तापतं. सुपाचे वाडगे मंद ओव्हनमध्ये गरम करून ठेवतो. थंड चिनी मातीत ओतलेलं सूप टेबलावर पोचेपर्यंत निम्मी वाफ आणि वाफेबरोबर वास घालवून बसतं. दारालगतचं टेबल उन्हाळ्यात सर्वात आधी भरायचं, आता तिथे वारा लागतो, म्हणून ते हलवून तिथे जाड पडदा लावला. रोज एकच मोठं पातेलं असतं आणि त्यातलं अर्ध्या वाडग्यापासून मिळतं. एकटा आलेला माणूस, लहान मूल, किंवा ‘भूक नाही पण घरी जावंसं वाटत नाही’ असं सांगणारे, सगळ्यांची सोय होते. अर्ध्या वाडग्यात फायदा काय, असं भागीदार सुरुवातीला विचारायचा. हल्ली विचारत नाही, कारण अर्धा वाडगा खाणारा निघताना बऱ्याचदा खिडकीपाशी थांबतो.

टेबलावर बसलेली माणसं आणि खिडकीत उभी राहिलेली माणसं आता बरीचशी तीच आहेत. त्यामुळे गप्पाही बदलल्या. ‘काय चांगलं आहे’ असं विचारणारे आता ‘हे दाटपणाला काय घातलंत’ विचारतात. मी सांगते. गुपित ठेवण्यासारखं काही नसतं. स्टॉकमधल्या हाडांजवळच्या चिवट कोलॅजनचं मंद आचेवर काही तासांत जिलेटिन होतं, दाटपणा त्याचाच. हे कळल्यावर काही जण स्टॉक घरीच करायला लागले आणि तेवढं गिऱ्हाईक गेलं. ते लोक शुक्रवारी तळलेलं खायला येतात.

या शरदात आमच्यात वाद आहे तो यंत्राचा. मागच्या खोलीत एकच मोठी वस्तू मावेल. भागीदाराला डीप फ्रीझर हवा आहे, झटपट गोठवणारा, कारण जितकं लवकर गोठेल तितके बर्फाचे कण बारीक राहतात आणि बर्फ वितळल्यावर पदार्थ पाणचट होत नाही. शिवाय उणे १८ अंशांवर ठेवलेला कांदा आणि स्टॉक असला की गर्दीच्या आठवड्यात धावपळ नको. मला दुसरा ओव्हन हवा आहे, भोपळ्यासाठी. आकडे त्याच्या बाजूने आहेत, त्यामुळे फ्रीझरची मागणी नोंदवून झाली. ओव्हनचं वसंतात बघू असं तो म्हणतो. वसंतात भोपळे संपलेले असतील, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.