२६ जुलैची सकाळ

२६ जुलै म्हटलं की ठाणेकरांना आधी २००५ चा पाऊस आठवतो. १९९९ च्या कारगिलचा विजय दिवसही त्याच तारखेचा. त्यामुळे चौकातल्या स्मारकापाशी भरणारा मंडळाचा कार्यक्रम म्हणजे निम्मी मानवंदना आणि निम्मी पावसाशी झटापट.

तयारी आदल्या संध्याकाळपासून चालायची. शहीद जवानांची नावं कोरलेली ग्रॅनाइटची पाटी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशनेच धुवायची. उत्साहात कुणीतरी लादी धुवायचं ॲसिड घेऊन यायचंच. ते सांध्यातलं सिमेंट खातं आणि अक्षरांत भरलेला रंगही घालवतं, म्हणून बाटली लगेच काढून घ्यावी लागे.

झेंडू जांभळी नाक्यावरून यायचा. दोन फुटांच्या बांबूच्या कड्यावर पेंढा बांधून पुष्पचक्र करायचं तर तीनेक किलो फुलं लागतात. भिजला की झेंडू जड होतो आणि तिपाईचे पाय ओल्या दगडावर सरकतात. मागच्या पायाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला की चक्र हलत नाही. ते नावांना टेकवून ठेवायचं मात्र नाही, कारण मग खालच्या चार ओळी झाकल्या जातात आणि नेमक्या त्याच घरातली माणसं समोर उभी असतात.

खरी फजिती झेंड्याची. सुती दोरी पावसात फुगते आणि सरकगाठ आवळून बसते. पाहुण्यांनी हिसके दिले की ती आणखी घट्ट होते. नायलॉनची दोरी, एकच सैल फास आणि सुटं टोक वीतभर लांब, एवढं पाळलं तर एका ओढीत झेंडा उलगडतो. घडीत पाकळ्या मूठभरच आणि कोरड्या घालायच्या. ओला झेंडू पांढऱ्या पट्ट्यावर पिवळे डाग पाडतो.

मग नावांची हजेरी. ही जबाबदारी कधीही मोठ्या आवाजाच्या माणसाला देऊ नये, रंगीत तालीम केलेल्याला द्यावी. ‘नाईक’ हा हुद्दा आहे हे विसरून ते आडनाव म्हणून वाचलं गेलं की सगळं पुढे घसरतं. ‘लान्स नाईक’ एका दमात वाचायचं. ‘हवालदार’ ऐकून पोरं पोलिसांकडे बघायची, तेव्हा आधी एका वाक्यात सांगून टाकलेलं बरं. हुद्दा, नाव, पलटण, मग तीन आकडे मोजण्याइतका थांबा. कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायचा. माइकला पिशवी गुंडाळली तर प्रत्येक ‘प’ फटाक्यासारखा वाजतो, स्पंजची टोपी पुरते.

बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धून, दोन मिनिटं स्तब्धता, मग ‘राउज’ ही जागं करणारी धून. ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, अकराला भोंगा वेळ सांगतो, इथे ती सोय नाही. अंदाजाने थांबलेली स्तब्धता चाळीस सेकंदांतच कुणाच्या तरी खोकल्याने मोडायची, म्हणून एकाने घड्याळ धरून मागे उभं राहायचं आणि हात वर करायचा. रिक्षांचे हॉर्न चालूच राहतात, त्याला इलाज नाही. शाळेच्या पोरांना मात्र आधी पोहे खाऊ घालायचे आणि गुडघे ताठ ठेवू नका म्हणायचं. उपाशीपोटी सावधानमध्ये उभं राहून दरवर्षी एखादं कोसळतंच.

फुलं दुसऱ्या दिवशी सकाळीच काढायची, नाहीतर माश्या आणि वास. पेंढा टाकून द्यायचा, बांबूचं कडं सुकवून माळ्यावर ठेवायचं. पुढच्या वर्षी तेच लागतं.