तुम्ही विचारलंत म्हणून: उलटा डोंगर

सिडनीला येणारे मराठी पाहुणे मला हमखास विचारतात, की एवढा सह्याद्री पायाखाली घातल्यावर इथल्या ब्लू माउंटन्समध्ये दर महिन्याला जाण्यासारखे काय आहे. थ्री सिस्टर्सचे तीन सुळके कठड्यावरून पाहून, फोटो काढून परतलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे साहजिकच आहे.

मुळात हा डोंगर आपल्या मानाने उलटा आहे. गड आपण पायथ्यापासून चढतो आणि दमल्यावर उतरतो. इथे गाव, स्टेशन आणि चहा पठारावर, आणि चालण्याची वाट नद्यांनी वालुकाश्मात कोरलेल्या दऱ्यांत खाली उतरणारी, त्यामुळे खरा चढ शेवटी, पाय बोलू लागल्यावर येतो. धबधब्यांचेही तसेच. आपले बहुतेक धबधबे दिवाळीनंतर आटतात. इथे मात्र कड्यांच्या माथ्यावरच्या दलदली पावसाचे पाणी स्पंजासारखे धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात, म्हणून टप्प्याटप्प्याने 187 मीटर कोसळणारा वेंटवर्थ फॉल्स कोरड्या दिवसांतही सहसा वाहता असतो. ब्लॅकहीथजवळच्या ग्रँड कॅन्यनमध्ये, साधारण 6 किलोमीटरच्या फेरीत, दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की खालून वाहणारा ओढा कित्येकदा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. (दोर लावून उतरायच्या घळी वेगळ्या, तो माझा प्रांत नव्हे.)

तरीही मी पुन्हा पुन्हा जातो ते ग्लेनब्रुकच्या रेड हँड्स केव्हला. गुहा कसली, कपारच ती, आणि समोर संरक्षक जाळी. आत जुन्या लोकांनी उमटवलेले हात आहेत. त्यांची रीत अशी: हात दगडावर टेकवायचा आणि पाण्यात कालवलेली गेरू किंवा पांढरी माती तोंडातून त्यावर फवारायची. हात काढला की त्याची रिकामी आकृती उरते. असे हात तिथे एकावर एक उमटलेले आहेत, लाल, पिवळे, पांढरे. ते 500 ते 1600 वर्षांपूर्वीचे मानले जातात. हा ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी दारुग लोकांचा प्रदेश आहे. त्यांच्या शेजारचे गुंडुंगुरा लोक सांगतात, की गुरंगाच नावाचा अर्धा मासा, अर्धा सरपटणारा प्राणी आणि त्याचा पाठलाग करणारा मिरागन यांच्या झटापटीतून इथल्या नद्यांची खोरी तयार झाली. कठड्यावरून खोरे पाहताना ही गोष्ट ठाऊक असली, तर त्याची वळणे निराळी दिसतात.

कपारीकडे जाणाऱ्या वाटेवर, ओढ्याकाठच्या सपाट खडकावर, गुळगुळीत चर आहेत. पहिल्यांदा मी त्यांच्यावरून चालतच पुढे गेलो होतो. कुऱ्हाडीच्या पात्यांना धार लावल्याच्या त्या खुणा आहेत हे कळल्यावर परत येऊन पाहिले: पाणी हाताशी, वालुकाश्म खरखरीत, त्यावर बेसॉल्टसारखा कठीण दगड घासायचा. आपल्या सहाणेचेच तत्त्व, फक्त इथे सहाण जागची हलत नाही. ज्या काळ्या दगडात आपण लेणी कोरली, त्याच जातीचा दगड इथे हत्यार झाला होता. तेव्हापासून मी त्या चरांवर पाय ठेवत नाही.

तेव्हा याल, तेव्हा आधी ग्लेनब्रुकला नेईन. मात्र आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला, तर ती कपार ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याच्या वाटेवरचा फरशी पूल पाण्याखाली जातो. तसे असेल तर सरळ वेंटवर्थ फॉल्स गाठू, तो अशाच दिवशी पाहण्यासारखा असतो.