ह्यूस्टनचं कोरडं धरण

ह्यूस्टनला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसानं नासा बघितलेलं असतं, तसं आम्हीही बघितलं. गर्दी होती, उकाडा होता. गॅल्व्हस्टनचा समुद्र गढूळ निघाला, पिअरलंडच्या मीनाक्षी मंदिरातला डोसा मात्र झकास. बाकीचे दिवस मॉल आणि कॉस्टको यांत गेले. ही पोस्ट त्यातल्या कशाबद्दलच नाही.

दादा राहतो केटीला, शहराच्या पश्चिमेला. एके दिवशी जेवताना तो सहज म्हणाला, "इथं जवळच एक धरण आहे, बार्कर नावाचं. रविवारी जाऊ या." आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. क्युसेक, सांडवा, विसर्ग हे शब्द आम्ही घरात 'मीठ वाढ' इतक्याच वेळा ऐकलेत. नासात कंटाळून बाकावर बसलेले बाबा शनिवारी रात्रीच बूट पुसून तयार.

हायवे ६ च्या बाजूनं बांधावर चढलो. चढलो म्हणजे काय, गवताचा एक लांबलचक उतार, फार तर दोन-तीन मजले उंच. वर खडी टाकलेली वाट. एका अंगाला हायवेवरचा गाड्यांचा अखंड घोंगाट, दुसऱ्या अंगाला नजर जाईल तिथपर्यंत झाडी आणि गवत. बाबांनी कपाळावर हात धरून दोन्हीकडे बघितलं.

"पाणी कुठंय रे?"

"नाहीये. असं कोरडंच असतं."

"मग दोन तास काय सांगत होतास धरण धरण म्हणून?"

दादानं समजावलं. १९२९ आणि १९३५ सालच्या पुरांत ह्यूस्टनच्या मध्यवस्तीत पाणी शिरलं. त्यानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी शहराच्या वरच्या अंगाला मातीची दोन धरणं बांधली. बार्कर १९४५ मध्ये पुरं झालं, अ‍ॅडिक्स १९४८ मध्ये. पाणी साठवायचंच नाही, फक्त अडवायचं. मोठा पाऊस आला की दारं बंद करायची, आणि खालच्या बफेलो बायूचं (ही इथली नदी, आपल्याकडे ओढा म्हटलं असतं) पाणी ओसरलं की हळूहळू सोडायचं. एरवी दारं उघडी आणि जलाशयात गवत.

हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा उजळला. एवढी सपाट जमीन, डोंगर नाही की दरी नाही, मग धरणाला आधार कुठला? म्हणून बांधच सुमारे २२ किलोमीटर लांब. पश्चिमेची बाजू उघडी, कारण तिकडे जमीन आपसूकच चढत जाते. बाबा वाळक्या काडीनं खडीवर नकाशा काढत बसले. बाजूनं सायकलवाले "गुड मॉर्निंग" म्हणत चाकं सांभाळून जात होते.

मग गाडीनं आत, जलाशयाच्या पोटात. हेच जॉर्ज बुश पार्क. फुटबॉलची मैदानं, सायकलचे रस्ते, घोडे फिरवायच्या वाटा, नेमबाजीची रेंज, खेळण्यातली विमानं उडवायला चक्क छोटी धावपट्टी. पांढऱ्या मिशांचे आजोबा लोक घड्या घालायच्या खुर्च्या टाकून रिमोट घेऊन बसलेले. प्रवेश फुकट. माझी तक्रार एकच, की एवढ्या पसाऱ्यात चहाची एक टपरी नाही. खडकवासल्याला चौपाटीवर गर्दी, धूळ, हॉर्न सगळं असतं, पण कांदाभजी आणि भाजलेलं कणीस तरी मिळतं! इथं डबा घरून, पाणी घरून आणि कचराही घरी न्यायचा. गवतात बसायचीही सोय नाही. लाल मुंग्यांनी वहिनीच्या पायाला असे फोड आणले की ते आठवडाभर गेले नाहीत.

पार्क संपून घरांची रांग सुरू झाली तिथं बाबांनी गाडी थांबवायला लावली. सुबक विटांची घरं, मागे लाकडी कुंपण, कुंपणापलीकडे पार्कची झाडी.

"ही घरं धरणाच्या आत आहेत का रे?"

"आत कशी असतील? पार्कच्या बाहेर आहेत ना."

"पार्कच्या बाहेर असतील. बुडीत क्षेत्राच्या बाहेर आहेत का, ते विचारतोय."

दादा गप्प झाला आणि मग हार्वी वादळाचं सगळं बाहेर आलं. सरकारनं बार्करसाठी जमीन घेतली ती समुद्रसपाटीपासून साधारण ९५ फुटांपर्यंतची, पण बांधाला त्याहून वर पाणी अडवता येतं. मधल्या पट्ट्यात पूर्वी भातशेती होती, पुढे वसाहती झाल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी येऊन शहरावर ठाण मांडून बसलं आणि पाणी १०१ फुटांच्या वर चढलं. या घरांत नदी शिरली नाही, जलाशयच मागे सरकत आला. २८ ऑगस्टला पहाटे दारं उघडली, तेव्हा बांधाखालच्या बायूकाठच्या घरांतही पाणी गेलं. वरचेही बुडाले, खालचेही. डिसेंबर २०१९ मध्ये कोर्टानं वरच्या घरांच्या नुकसानीला सरकारला जबाबदार धरलं.

मला खरा संताप आला तो पुढच्या गोष्टीनं. फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या मंजूर नकाशावर, कोपऱ्यात, इथं पाणी साठवलं जाऊ शकतं अशी टीप छापलेली होती. पण घर घेताना मंजूर नकाशा मागवून त्याचा कोपरा कोण वाचतं? विक्रेत्याच्या तोंडी 'पार्कला लागून' एवढंच.

"आपल्याकडं पुराची लाल रेषा, निळी रेषा," बाबा म्हणाले. "रेषा कागदावर सगळीकडे असते." १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा बाबा शनिवार पेठेत होते, आठ वर्षांचे. ती गोष्ट आम्हाला पाठ आहे, पण त्या कुंपणापाशी त्यांनी ती पुन्हा सांगितली, आणि तिला जोडून जुलै २०२४ ची सिंहगड रोडची. खडकवासल्यातून पाण्याचा विसर्ग वाढवला आणि नदीकाठच्या सोसायट्यांत पहाटे माणसं झोपेतून उठली ती पाण्यातच. दादा इतक्या वर्षांत पानशेत ऐकून कधी जांभई दिल्याशिवाय राहिला नव्हता. या वेळी त्यानं मध्येच प्रश्न विचारले.

घरी आल्यावर त्यानं लॅपटॉप उघडून स्वतःच्या घराची उंची शोधली. बाबा चष्मा लावून शेजारी. तीनदा तपासून झालं तरी बाबांचं समाधान होईना, त्यांना नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, हव्या होत्या. शेवटी वहिनी म्हणाली, "बाबा, पूरविमा भरतो आम्ही. आता हात धुऊन घ्या, वरण गार होतंय."

"किती भरता?" बाबांनी विचारलं.