तुम्ही विचारलंत म्हणून: एलएलबी करून फ्रान्समधे कोर्टात कारकून का झाले?

साताऱ्याला गेले की हा प्रश्न येतोच. मावशी विचारते, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं एवढं शिकलीस, तिकडे गेलीस, आणि शेवटी कोर्टात कारकूनच ना?" मायेनेच विचारतात, त्यामुळे एकदा नीट सांगते.

मी ल्योंमधे व्यापारी न्यायालयाच्या ग्रेफमधे काम करते. ग्रेफ म्हणजे न्यायालयाचं दफ्तर, आणि त्याचा प्रमुख तो ग्रेफिए. आपल्याकडे जवळचा शब्द शोधायचा तर शिरस्तेदार. माझे अण्णा जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते, त्यामुळे हा शब्द माझ्या घरातलाच. पण फरक मोठा आहे. फ्रान्सच्या व्यापारी न्यायालयात न्यायाधीश हे पगारी न्यायाधीश नसतातच, ते स्वतः उद्योजक किंवा कंपनीत मोठ्या पदावर काम केलेले लोक, निवडून आलेले आणि बिनपगारी. 1563 पासूनची पद्धत आहे ही. मुदत संपली की ते आपल्या धंद्याकडे परत जातात, पण दफ्तर जागेवर राहतं, निकालाची मूळ प्रत, कंपन्यांचं रजिस्टर, सगळं ग्रेफिएच्या सहीखाली. आणि हा ग्रेफिए सरकारी नोकर नसतो. कायदामंत्री त्याची नेमणूक करतात, अधिकार सरकारने दिलेला, पण ऑफिसचं भाडं, माणसांचे पगार सगळं त्याने भागवायचं, सरकारने ठरवून दिलेल्या दरातून. पुण्यात मी कंपन्यांचे फॉर्म भरायचे तेव्हा असं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले. आपल्या एलएलबीवर इथे वकिली करता येत नाही हे लवकरच कळलं. दोन वर्षं फ्रेंच शिकण्यात गेली, मग युनिव्हर्सिटीत परत कायदा, वयाने निम्म्या असलेल्या मुलांबरोबर बसून मास्टरचं पहिलं वर्ष केलं, आणि मग ग्रेफमधे रजिस्टरच्या टेबलावर नोकरी लागली. कर्मचारी म्हणून लागायला स्पर्धा परीक्षा लागत नाही. कंपनीची कागदपत्रं पूर्ण असली की एका कामाच्या दिवसात नोंदणी करायची असा नियम आहे, त्यामुळे सकाळी स्क्रीन उघडली की घड्याळ सुरूच. पत्त्याचा पुरावा खोटा आहे का, डायरेक्टरवर बंदी आहे का, हे तुम्हीच बघायचं, कारण एकदा के-बिस म्हणजे कंपनीचा दाखला निघाला की बँक, पुरवठादार, घरमालक सगळे त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

ग्रेफिए व्हायचं तर पुढची पायरी. कायद्याचं उच्च शिक्षण, स्वच्छ रेकॉर्ड, फ्रेंच किंवा युरोपियन युनियनमधलं नागरिकत्व, स्पर्धा परीक्षा आणि वर्षभराची उमेदवारी. नागरिकत्वासाठी मी भारतीय पासपोर्ट परत केला, आता ओसीआय कार्डावर साताऱ्याला येते, आणि पासपोर्टचं ते पाकीट काउंटरवर सरकवताना काय वाटलं ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. ही परीक्षा 2015 च्या कायद्याने आली. त्याआधी जुना ग्रेफिए 1816 च्या कायद्यानुसार आपला वारस सुचवायचा आणि गादी बऱ्याचदा घरातच राहायची. वारस सुचवण्याचा हक्क आजही आहे, पण परीक्षा पास झालेल्यातूनच. मला हे शंभर टक्के पटतं. साताऱ्यातून आलेल्या बाईला कोण सुचवणार होतं?

ग्रेफवरच्या देखरेखीबद्दलही विचारता. पहिल्यांदा तपासणी झाली तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. कायदामंत्र्यांच्या अधिकारात तपासनीस येतात, हिशोब, रजिस्टर, तारखा काहीही मागतात आणि व्यावसायिक गोपनीयतेचं कारण त्यांच्यापुढे चालत नाही. फोनवर अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "रजिस्टरची पानं आम्ही आधी आकडे घालून, प्रत्येक पानावर सही करून ठेवायचो, कारण कोरं पान सुटलं की कोणीतरी भरतं." इथेही वह्यांना अगदी तेच करतात! 2022 पासून तर शिस्तभंगाचे नवे नियम आलेत, नीतीसंहिता, ताकीद ते थेट पद काढून घेण्यापर्यंत शिक्षा. शिवाय वर्षाला 20 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं.

पण मला या कामात धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी शपथ घेतलेली कर्मचारी आहे, त्यामुळे ग्रेफिएच्या जागी सुनावणीला बसता येतं. जानेवारी 2025 पासून ल्योंसह 12 न्यायालयांत प्रयोग म्हणून शेतकऱ्यांची दिवाळखोरीची प्रकरणंही आमच्याकडे येतात. एक दूधवाला शेतकरी आला होता, नाव-गाव सांगणार नाही, बायकोच्या हातात पिशवीभर कागद, आणि तो सारखी टोपी फिरवत होता हातात. न्यायाधीशांनी विचारलं तर म्हणाला, "गाई गेल्यावर मी सकाळी उठून काय करायचं?" मी लिहीत होते. पेन थांबला माझा. सांत नावाच्या गावातल्या व्यापारी न्यायालयाचे ग्रेफिए मार्क बिनिए यांनी 2013 मधे एका मानसशास्त्रज्ञाबरोबर आपेसा नावाची व्यवस्था सुरू केली, तिचं प्रशिक्षण मी घेतलंय. माणूस खचलेला दिसला की त्याच्या संमतीने कळवायचं, मग मानसशास्त्रज्ञ फोन करतो, पैसे लागत नाहीत. सुनावणीनंतर कॉरिडॉरमधे मी दोघांना तो फॉर्म समजावला. त्याने नाही म्हटलं, बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग त्याने सही केली, टोपी बाकावर ठेवून.

त्या दिवशी रात्रीच अण्णांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "फॉर्म वेळेत पाठवलास ना?"

पाठवला होता, त्याच दुपारी. आता मुलगी झोपली की रात्री दिवाळखोरीचा कायदा वाचते, लेखी परीक्षेसाठी. ज्या दोघीतिघींनी स्वतःसाठी विचारलंय त्यांनी आधी फ्रेंच पक्कं करा, अगदी कायद्याचं फ्रेंच, बाकीचं आपण बोलू.